बॉबिनच्या डबीतली गोळी

वेटिंग रूममधली खुर्ची बघून थोरलीच्या दिराने नाक मुरडलं. आधी तळहाताने बैठक दाबली, मग वाकून खालचं कापड पाहिलं आणि म्हणाला, "नुसत्या स्टेपल ठोकल्यात. वर्षभरात फोम बसणार."

बायकोला आत्ताच स्ट्रेचरवरून आत नेलेलं, स्वतःचं तोंड पांढरंफटक पडलेलं, आणि हा बाबा खुर्चीचा तळ तपासतोय. पण त्याला तरी काय बोलायचं? आजोबांपासून सोफे नि खुर्च्या मढवणारं हे घर. कुठेही गेलं तरी बसण्याआधी खुर्ची दाबून बघायची, ही खोड सगळ्यांच्या हाडात मुरलेली. थोरलीनेही दाबली होतीच, फक्त कुणाला दिसू दिलं नव्हतं.

"बस रे आता," नणंद म्हणाली. "तुझी बायको काही आज पहिल्यांदा धडधडत नाहीये."

झालं, तोंड उघडलं! नणंद म्हणजे दोघा भावांच्या मधली बहीण. लग्न करून पलीकडच्या रस्त्यावर गेली, पण माहेरच्या कारभारावरचा ताबा काही सोडला नाही. वर्कशॉपमधले कारागीर तिच्या माघारी तिला मुकादम म्हणत, आणि हळूहळू घरातलेही म्हणायला लागले, तेही माघारीच. थोरलीचं नि मुकादमबाईंचं दुसऱ्या कशावर फारसं पटत नसे. गोदामाच्या भांडणात तर दोघी वर्षभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. पण एका बाबतीत दोघींचं पक्कं एकमत होतं. धाकटीची, म्हणजे दिराच्या बायकोची, धडधड म्हणजे नाटक.

हे नाटक धाकटी लग्न होऊन आली तेव्हापासून चाललेलं. मशीनवर सोफ्याच्या कडेचं पाइपिंग शिवता शिवता ती मध्येच थांबायची. गळ्याच्या खळगीशी हात जायचा, ओठ कोरडे पडायचे. "ताई, सुरू झालं बघा," म्हणायची नि मनगट पुढे करायची. "हात लावून तर बघा." थोरली हातातली कात्री खाली न ठेवता म्हणायची, "पाणी पी. होईल बंद." आणि व्हायचंही बंद. डॉक्टरकडे नेऊन छातीला वायरी लावेपर्यंत सगळं कसं गुण्यागोविंदाने चाललेलं असायचं. डॉक्टर म्हणायचे, काळजी करू नका, मोकळ्या हवेत फिरा. मुकादमबाई म्हणायच्या, मोठी ऑर्डर आली की बरी हिची धडधड येते! सगळे हसायचे. धाकटीही कसनुसं हसायची आणि पुन्हा मशीनवर बसायची.

एक माणूस मात्र कधी हसला नाही. तिची मुलगी. लहानपणी इतकी बारीक आणि इतकी टोचून बोलणारी की वर्कशॉपमध्ये तिचं नाव टाचणी पडलं. आज चांगली मोठ्या ऑफिसात नोकरी करते, तरी घरात टाचणीच. तिनेच हट्टाने आईच्या छातीला कित्येक दिवस चिकटून राहणारी नोंदीची पट्टी लावून घेतली. पट्टीत काहीतरी अर्धंमुर्धं सापडलं, आणि त्यावरून ती आईला या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन आली.

डॉक्टरीणबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "हृदयाचे नळ तुंबले की ज्यांच्याकडे जातात ती मी नाही. मी वायरमन." मग टाचणीला त्यांनी चित्र काढून दाखवलं होतं. हृदयाला ठोका द्यायला विजेची एक वाट असते. कुणाकुणाला जन्मतःच एक जास्तीची आडवाट असते. कधीतरी वीज त्या आडवाटेला लागते, तिथल्या तिथे गरगर फिरत बसते, आणि हृदय उधळतं. मांडीच्या शिरेतून बारीक वायरी थेट हृदयात न्यायच्या, ती आडवाट शोधायची, आणि टोकाशी ऊब देऊन तेवढीच जागा भाजून बंद करायची. छाती कापायची नाही की काही नाही. ॲब्लेशन म्हणतात त्याला.

थोरली त्या भेटीला गेली नव्हती. तिला कळलं ते टाचणीकडून, तेही घाईत, एक पाय चपलेत असताना. "मोठी आई, पुढच्या आठवड्यात आईचं आहे. तोवर तिची ती ठोके आवरायची गोळी बंद. डबीत घालू नकोस हं."

डबी ही थोरलीच्या अखत्यारीतली. पूर्वी शिलाई मशीनच्या बॉबिन ठेवायची टिनची डबी होती, आत कप्पे पाडलेले. आता त्या कप्प्यांत घरातल्यांच्या गोळ्या. नवऱ्याची ब्लडप्रेशरची, दिराची साखरेची, तिची स्वतःची थायरॉइडची, धाकटीची ठोक्यांची आणि कॅल्शियमची. सकाळच्या चहाबरोबर थोरली ज्याची त्याची गोळी बशीत काढून देई आणि जो तो न बघता गिळी. शब्दाला शब्द दिल्याशिवाय न राहणाऱ्या या दोघी जावा, पण थोरलीने बशीत ठेवलेली गोळी धाकटीने एकदाही उलटून पाहिली नव्हती.

आणि या आठवड्यात थोरलीने धाकटीला कॅल्शियम दिलंच नव्हतं. कॅल्शियमच्या नावाने रोज ठोक्यांचीच गोळी दिली होती. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही गोल. आज सकाळीसुद्धा, घोटभर पाण्याबरोबर.

तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. उलट जरा शहाणपणाच वाटला होता. डॉक्टरांचं काय जातं गोळी बंद करा सांगायला? मधल्या दिवसांत काही बरंवाईट झालं असतं तर डॉक्टर येणार होते का मशीनवर बसायला? आत जाईपर्यंत बाई धडधाकट तर राहिली पाहिजे! डबी आत्ताही तिच्या पर्समध्ये होती, आणि पर्स मांडीवर.

फक्त एक गोष्ट सकाळपासून टोचत होती. स्ट्रेचर दारातून आत जाताना धाकटीने तिचा हात धरला होता. नवऱ्याचा नाही, लेकीचा नाही, तिचा. "ताई," ती म्हणाली होती, "आज जर काही सापडलं नाही ना, तर मी पुन्हा कधी तोंड उघडणार नाही. मरेपर्यंत नाटकी म्हणूनच राहीन."

"काहीतरीच बोलू नकोस," थोरली म्हणाली होती.

बराच वेळ गेला. दिराने सगळ्यांना मशीनवरची कॉफी आणून दिली. थोरलीच्या नवऱ्याचा दोनदा फोन आला. तो वर्कशॉपमध्ये एका हॉटेलच्या सोफ्यांवर अडकलेला. पहिल्यांदा धाकटीचं विचारलं, दुसऱ्यांदा धाकटीचं विचारून निळ्या कापडाचा गठ्ठा कुठे आहे तेही विचारलं. मग दार उघडलं आणि हिरव्या कपड्यांतला, डोक्याला टोपी बांधलेला तरुण डॉक्टर बाहेर आला.

सगळे उभे राहिले.

"घाबरू नका, पेशंट छान आहेत," तो म्हणाला. "फक्त अडचण अशी झालीये की तो त्रास सुरूच होत नाहीये. आम्ही मुद्दाम सुरू करायचा प्रयत्न करतोय, औषधही देऊन बघितलं. हृदय अगदी शहाण्यासारखं वागतंय. मॅडमनी विचारायला पाठवलंय, ठोक्यांची गोळी बंद होती ना?"

"हो," टाचणी ताडकन म्हणाली. "मी स्वतः सांगितलं होतं मोठ्या आईला. हो ना गं?"

चौघांचे डोळे थोरलीकडे वळले.

"हो हो," थोरली म्हणाली. "बंदच होती."

शब्द तोंडातून गेले आणि मगच तिला कळलं की आपण खोटं बोललो. जीभ अशी कधी कधी आपल्या आधी धावते. आणि खरं सांगायचं तर भीती वाटली. टाचणीच्या डोळ्यांची भीती वाटली.

"मग ठीक आहे," डॉक्टर म्हणाला. "मॅडम अजून थोडा वेळ बघतील, नाहीतर वायरी काढून घेऊ. कधी कधी नसतंच काही."

दार मिटलं.

"ऐकलंस?" मुकादमबाई खुर्चीत टेकल्या. "नसतंच काही! एवढी यंत्रं, एवढे डॉक्टर, आणि निष्पन्न काय? मी इतकी वर्षं काय घसा फोडून सांगत होते?"

"आत्या, प्लीज," टाचणी म्हणाली.

"प्लीज काय? उद्या घरी आली की पुन्हा गळ्याला हात लावणार, पुन्हा सगळ्यांची धावाधाव. निदान आता पुरावा तरी मिळाला. यंत्राने सांगितलं."

टाचणीला काहीतरी टोचून बोलायचं होतं, तिचे ओठ हललेही. पण ती भिंतीकडे वळली. ही पोरगी लहानपणी तळहातात सुई घुसली तरी रडली नव्हती. आता तिचे खांदे हलायला लागले.

दीर उठला, लेकीच्या पाठीवर हात ठेवला. बोलणारा माणूस नव्हे तो. दिवसातून चार वाक्यं बोलला तर घरात चर्चा व्हायची. "सोफ्याचं बघ," तो हळूच म्हणाला. "गिऱ्हाईक म्हणतं करकरतो. वर्कशॉपमध्ये आणला की करकरत नाही. म्हणून काय गिऱ्हाईक खोटं? आपण बसतो, हलवतो, डोलवतो, करकरला की मगच कळतं कुठली स्प्रिंग. तेच करतायत आत. करकरायला पाहिजे गं आधी. म्हणून तर गोळी बंद ठेवायची होती."

थोरलीने मांडीवरची पर्स घट्ट धरली.

असं होतं होय! म्हणून बंद! तिला कुणी असं सांगितलंच नव्हतं. या घरात पोरासोरालाही ठाऊक की करकर सापडेपर्यंत स्प्रिंगला तेल लावायचं नाही. कुणी लावलं तर मामंजी हातातली तेलाची बुधली हिसकावून घेत. आणि तिने रोज सकाळी, आपल्या हाताने, बशीत घालून तेल पाजलं होतं.

आत धाकटी त्या थंड टेबलावर पडली होती. जागी होती, सगळं ऐकत होती. नसतंच काही, हेही ऐकत असेल.

आता उठून सांगितलं तर जन्माचं वाईट व्हावं लागणार. नाही सांगितलं तर कुणाला कधी कळणार नव्हतं. डबी पर्समध्ये होती आणि दोन्ही गोळ्या सारख्याच दिसत होत्या. थोरलीने हा हिशेब केला, नाही असं नाही. आणि तो करत असतानाच तिचे पाय उठले.

तिने सरळ जाऊन हाताने दार बडवलं. "अहो डॉक्टर! अहो, जरा बाहेर या! काढू नका वायरी!"

"वहिनी, काय करतेस हे?" मुकादमबाई ओरडल्या.

तरुण डॉक्टरने दार किलकिलं केलं.

"बंद नव्हती," थोरली म्हणाली. "गोळी. मीच देत होते. तिला ठाऊक नाही. कॅल्शियम म्हणून देत होते. आज सकाळीसुद्धा दिली."

डॉक्टरने दार पूर्ण उघडलं. "कुठली? किती पॉवरची?"

तिने पर्स उघडली. डबीचं झाकण तिला काही निघेना, तेव्हा दिराने ते काढून दिलं. कप्प्यातली गोळी दाखवून तिने नाव नि पॉवर सांगितली. डॉक्टर "बरं झालं सांगितलंत," म्हणाला आणि डबी घेऊन पळाला.

मग जे व्हायचं ते झालं.

"मोठी आई!" टाचणी वळली. डोळे लाल. "माझ्या आईच्या जिवाशी खेळलीस तू! आणि आत्ता, आत्ता माझ्या तोंडावर खोटं बोललीस?"

"हो."

"का? का पण?"

"अगं, थांब," मुकादमबाई पुढे सरसावल्या. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कारण हिशेब त्यांच्या लक्षात आला होता. "वहिनी, मला आधी एक सांग. तूच ना म्हणायचीस नाटक आहे म्हणून? माझ्या सुरात सूर मिसळून? मग नाटकाला गोळी कशाला चारलीस?"

थोरली उघडी पर्स घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळली.

"पुरे," दीर म्हणाला. आज त्याची वाक्यं कधीच संपली होती, तरी बोलला. "वहिनी बोलल्या ना? न बोलता बसल्या असत्या तर काय केलं असतं तुम्ही? पुरे आता."

टाचणी दूरच्या टोकाला जाऊन बसली. थोरली कोपऱ्यातल्या खुर्चीत एकटी. रिकामी झालेली पर्स मांडीवर तशीच उघडी. थोड्या वेळाने मुकादमबाई उठल्या, आल्या, "सरक," म्हणाल्या आणि शेजारी बसल्या. मुकादमबाई गप्प बसल्या म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते सगळ्यांनाच कळलं.

डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या तेव्हा मास्क हनुवटीखाली ओढलेला होता आणि कपाळावर टोपीचा वळ उमटला होता.

"सापडलं," त्या म्हणाल्या.

टाचणीने दोन्ही हात तोंडावर घेतले.

"पोटात गोळी आहे म्हटल्यावर त्रास सुरू करायचं औषध वाढवून बघता आलं. नाहीतर मी सोडून देणार होते. सुरू झालं आणि काय सुरू झालं! एकदम उधळलं. तुमच्या आई जाग्या होत्या. काय म्हणाल्या माहितीये? आम्हाला वाटलं घाबरतील. तर ओरडल्या, 'हेच! हेच ते! बंद करू नका, आधी लिहून घ्या!'" डॉक्टरीणबाई हसल्या, पण डोळे पुसले. "लिहून घेतलं. मग आडवाट शोधली, भाजली. आता कितीही डिवचलं तरी उठत नाहीये."

"म्हणजे..." मुकादमबाईंचा आवाज चिरकला. "म्हणजे खरंच होतं ते?"

"जन्मापासून."

मुकादमबाईंनी थोरलीकडे पाहिलं.

"आणि गोळी कुणी देत होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. थोरलीने हात वर केला, शाळेतल्यासारखा. "बाई, पुन्हा असं कधी करू नका. कारण ठाऊक नसेल तर विचारा. मी रागावत नाही. पण विचारा."

"विचारीन," थोरली म्हणाली.

धाकटीला खोलीत आणलं तेव्हा तिला पाय सरळ ठेवून निजून राहायचं होतं, अजिबात हलायचं नव्हतं. नवरा आणि लेक आधी भेटून आले. टाचणी बाहेर येताना थोरलीच्या समोर थांबली. अजून राग होताच. "आईने तुला बोलावलंय," एवढंच म्हणाली, आणि दार धरून उभी राहिली.

थोरली आत गेली. पलंगाशी स्टूल होतं. ते न दाबता ती त्यावर बसली.

धाकटीचा चेहरा दमलेला, केस कपाळाला चिकटलेले. "मला आत सांगितलं त्यांनी," ती म्हणाली. "बाहेर तुमच्या जाऊबाईंनी कबूल केलंय, म्हणाले. मला आधी काही कळेचना."

"चुकलं माझं."

"ते मरू दे. मला एकच सांगा, ताई. तुम्हाला जर नाटक वाटत होतं, तर गोळी बंद करायची भीती का वाटली?"

पुन्हा तोच प्रश्न. पण इथे उत्तर न देऊन चालणार नव्हतं.

"मला नाटक वाटत नव्हतं," थोरली म्हणाली. "कधीच नाही. तुला आठवत नसेल. टाचणी तेव्हा रांगत होती. तू फोमच्या थप्पीवर आडवी झाली होतीस, डोळे मिटून. मी आले. तुला धड शुद्धही नव्हती. मी तुझं मनगट धरलं. देवा! ते ठोके नव्हते गं, नुसती फडफड. वाटलं, ही जाते आता माझ्या हातात. त्यानंतर तू मनगट पुढे केलंस की मी कात्री सोडायची नाही. हात रिकामा झाला तर लावावा लागेल म्हणून."

"आणि नाटक म्हणत राहिलात?"

"नाटकाने माणूस मरत नाही ना. म्हणून म्हणत राहिले. आधी वन्सं म्हणाल्या, मला बरं वाटलं. मग मीच म्हणायला लागले." तिचे डोळे वाहायला लागले, तिने ते वाहू दिले. "तुझ्याशिवाय मी त्या घरात काय करणार होते? दोन मुके भाऊ आणि शिलाईची मशीन."

धाकटीने तोंड छताकडे वळवलं.

"मला वाटायचं मी वेडी आहे," ती म्हणाली. "खरंच वाटायचं. रात्री उशीत तोंड खुपसून स्वतःला सांगायची, नाहीये काही, सगळे म्हणतायत नाहीये. तुम्ही एकदा, एकदा जरी म्हणाला असतात ना, की हो गं, मला लागलं हाताला. मला दुसरं काही नको होतं."

"हो."

"एवढ्यात माफबीफ करता येणार नाही मला."

"नको करूस."

धाकटीने मान हलवली. मग चादरीखालून हात काढला आणि मनगट पुढे केलं. तसंच, पूर्वी करायची तसंच.

थोरलीच्या हातात या वेळी कात्री नव्हती. तिने बोटं ठेवली. एक ठोका, मग दुसरा, मग पुढचा, सरळ टीप घातल्यासारखे. तिने धरून ठेवलं.

"उद्यापासून गोळ्या कोण काढणार?" थोरलीने भीत भीत विचारलं.

"तुम्हीच. दुसऱ्या कुणाला जमतंय ते? पण कुठली कशाची ते आधी दाखवायचं, मगच गिळणार."

"दाखवीन."

"आणि ताई, वन्संना आत बोलवा."

थोरलीने दार उघडलं. मुकादमबाई बाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या. आत यावं की येऊ नये, असा चेहरा.

"चला वन्सं," थोरली म्हणाली. "तिच्या मनगटाला हात लावायचाय."

"आता?" मुकादमबाई गोंधळल्या. "आता काय कळणार गं हात लावून? आता तर सगळं नीट झालंय."

"झालंय," थोरली म्हणाली. "तरी लावा. इतकी वर्षं मागत होती, तेव्हा आपण नाही लावला."

मुकादमबाईंनी हात साडीला पुसले, आणि आत गेल्या.